सुभेदारांचा रविवारचा शब्द

"ह्या खोलीला दारं किती?"

सुभेदारांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. नमस्कार नाही, चमत्कार नाही. मी बालवाडीच्या पायरीवर हसतमुखानं उभी होते, हातात पाण्याचा तांब्या होता, आणि समोरचा ताठ म्हातारा माझ्या खांद्यावरून आत बघत होता.

"एकच," मी म्हटलं.

"आन् त्ये?"

मागच्या भिंतीला मोरी होती आणि मोरीला बाहेर उघडणारं एक दार होतं. कित्येक वर्षांत ते कुणी उघडलं नव्हतं, म्हणून मी ते साफ विसरले होते. सुभेदार आत गेले, कडी ओढून बघितली, खिशातून सुतळी काढून कडीला दोन वेढे दिले आणि परत आले. "दोन हायती," ते म्हणाले. आपल्याच बालवाडीत आपण चोरी करताना सापडलो असं मला वाटलं.

ही नव्वदीच्या दशकातली गोष्ट. माधवनगरला गिरणीच्या चाळींना लागून एक सरकारी बालवाडी होती, तिथं मी बाई. सुभेदारांची नात शीतल, मुलीची मुलगी, तेव्हा पाच वर्षांची होती. तिचे वडील विलास इथेच यंत्रमागावर कामाला. आई सुनंदा माहेरी परतलेली, म्हसवडला. लग्न का मोडलं ते मी दोन्हीकडून ऐकलं आणि दोन्ही मला खरं वाटलं, म्हणून ते इथे सांगत नाही. साताऱ्याच्या कोर्टात काडीमोड झाला. मुलगी आईकडे राहायची आणि बापानं तिला महिन्यातून दोन वेळा, दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी, अकरा ते तीन भेटायचं असा हुकूम झाला. पण भेटायचं कुठं? जावई म्हसवडला पाऊल टाकणार नाही आणि सासरे नातीला त्याच्या खोलीवर पाठवणार नाहीत. तेव्हा शीतल पूर्वी चार महिने माझ्या बालवाडीत होती हे कुणाला तरी आठवलं. मी कुणाचीच नातेवाईक नव्हते, एवढ्याच पात्रतेवर दोन्ही वकिलांना माझं नाव चाललं.

सुनंदाला विलासचं तोंड बघायचं नव्हतं. म्हणून शीतलला आणायचं काम सुभेदारांकडं आलं. काम कसलं, ड्यूटीच ती. फौजेत तीस वर्षं काढून आलेला माणूस. म्हसवडहून पहिल्या एसटीनं निघायचं, विट्यावरून माधवनगरला उतरायचं आणि अकराला पाच मिनिटं असताना माझ्या दारात हजर. बसमध्ये जागा ड्रायव्हरच्या मागची. पाणी घरचं, भाकरी घरची. अंगात पांढरा सदरा, पायात चकचकीत बूट आणि खांद्याला खाकी पिशवी. त्या पिशवीत एक शिट्टी असे. ती कशासाठी, असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, "वाजवायला."

संशय हा त्यांचा स्वभाव होता, पण तो हवेतून आलेला नव्हता हे सांगायला हवं. काडीमोडाआधी, भांडण पेटलेलं असताना विलासनं शीतलला म्हसवडच्या अंगणातून उचललं होतं आणि आठ दिवस आपल्या बहिणीकडं, मिरजेला, लपवून ठेवलं होतं. पोर साडेतीन वर्षांची. पोलीस, पंच, सगळं झाल्यावर ती परत मिळाली. उचललं तेव्हा सुभेदार ओसरीवर बसलेले होते. विलासनं "मामा, दुकानापातूर नेऊन आणतो," म्हटलं आणि यांनी मान हलवली. त्या हलवलेल्या मानेचा हिशेब ते पुढं आयुष्यभर स्वतःशीच करत राहिले. "विश्वास ठेवावा बाई," ते मला म्हणायचे, "पन कडी लावून."

बालवाडीतल्या खुर्च्या वीतभर उंचीच्या. त्यातली एक ते दारात ओढून घेत, भिंतीला पाठ लावून तिच्यावर बसत आणि गुडघे जवळजवळ कानाशी नेऊन चार तास पहारा देत. विलास लुनावरून आला की आधी लुनाचा नंबर डोळ्यांखालून जाई. दर खेपेला तोच नंबर, तरीही. विलासनं पेढे आणले की पुडा आधी सुभेदारांकडं जाई. ते एक पेढा मधोमध मोडत, वास घेत, अर्धा तोंडात टाकत आणि घड्याळाकडं बघत बसत. पाच मिनिटं. शीतल समोर तोंडाला पाणी सुटून उभी. विलास भिंतीकडं तोंड करून दात खात असे. पाच मिनिटांनी सुभेदार म्हणत, "खा." एकदा विलास न राहवून बोलला, "मामा, इख घालायचं असतं तर पेढ्यात कशाला घातलं असतं, पेढा काय स्वस्त हाय व्हय?" सुभेदार शांतपणे म्हणाले, "म्हंजी इचार केलेला दिसतोय."

मला हसू येई आणि रागही येई. विलासबद्दल माझं मत फार चांगलं नव्हतं, पण बापानं पोटच्या पोरीला पेढा द्यायला सासऱ्याचं पोट उसनं घ्यावं हे काही बरं नव्हे. मी तसं एकदा बोलून दाखवलं. सुभेदार म्हणाले, "संशय घेतल्यानं कोन मेलं न्हाई बाई. न घेतल्यानं मेल्याली मी मोजल्यात." मी मुळाक्षरांचे तक्ते पुसायला लागले.

आता शब्दाबद्दल. फौजेत रात्री छावणीत शिरणाऱ्याला पहारेकरी परवलीचा शब्द विचारतो आणि तो रोज बदलतो, हे मला माहीत होतं. पाच वर्षांच्या पोरीला कुणी ते शिकवील असं मात्र वाटलं नव्हतं. एसटीतून उतरल्यावर सुभेदार शीतलच्या कानात त्या दिवसाचा शब्द सांगत. कधी कंदील, कधी कोथिंबीर, कधी ताशा. जो हा शब्द सांगेल त्याच्याबरोबरच तिनं फाटकाबाहेर पाऊल टाकायचं. मग तो कुणीही असो. तीन वाजता स्वतः सुभेदार फाटकात उभे राहत. शीतल कमरेवर हात ठेवून विचारी, "शब्द?" ते वाकून तो तिच्या कानात सांगत. मग ती हुकूम सोडी, "पास!" आणि आजोबांचं बोट धरी. मला तो शब्द त्यांनी एकदाही सांगितला नाही. कोर्टानं नेमलेली बाई मी! मी तसं म्हटलं तर म्हणाले, "कोर्टानं नेमलंय, मी न्हाई."

हा सगळा पोरखेळ आहे असं माझं ठाम मत होतं. श्रावणातल्या एका रविवारी ते मत मला गिळावं लागलं. दुपारी सुभेदार चौकात औषधाच्या दुकानात गेले होते. त्यांना साखरेचा आजार होता आणि गोळ्या संपल्या होत्या. विलास हौदावर हात धूत होता. तेवढ्यात नीटनेटक्या साडीतली एक बाई आली. गोड बोलणारी. "सुभेदार आबांनी धाडलंय," म्हणाली, "चौकात थांबल्यात, शीतलला फ्रॉक घ्यायचाय, मापाला बोलावलंय." मी काय करावं? मी शीतलच्या चपला शोधून दिल्या! पोरगी फाटकापर्यंत गेली, थांबली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "शब्द?"

बाई गोंधळली. "कसला गं शब्द? मी आत्या न्हवं का तुझी?"

ती विलासची मिरजेची बहीण होती. शीतल पळत येऊन माझ्या पदरात शिरली. विलास ओल्या हातांनी धावत आला आणि बहिणीवर असा ओरडला की चाळीतली माणसं बाहेर आली. "तुला कुनी बोलावलं हितं? पुन्यांदा माझं वाटोळं करायला आलीस?" बहीण म्हणाली, "तुझ्यासाठीच आले की रं." बहिणीला विलासनंच बोलावलं होतं आणि पोरगी अडली म्हणून तो उलटला, की त्याला खरंच काही ठाऊक नव्हतं, हे मला त्या दिवशी कळलं नाही. संशय मलाही चावला तो तिथून. घरी जाऊन मी घराच्याही मागच्या दाराची कडी दोनदा बघितली.

सुभेदार परतल्यावर मी सगळं कबूल केलं. चपला मीच दिल्या हेसुद्धा. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. ते म्हणाले, "तुमी मानूस चांगल्या हायसा बाई. म्हनूनच तुमच्यावर पहारा लागतोय."

पण शब्दाचं दुसरंही एक प्रकरण चाललं होतं, ते दारातल्या खुर्चीवरून दिसत नव्हतं. बाप आणि लेक कोपऱ्यात ठोकळे मांडून बसत आणि विलास तो शब्द ओळखायचा प्रयत्न करी. "भाजी हाय का?" न्हाई. "जनावर?" न्हाई. "आपल्या घरात असतंय?" शीतल डोळे मिटून विचार करी, "तुमच्या न्हाई, आमच्या असतंय." यावर विलास जरा वेळ ठोकळेच मांडत बसे. मग पुन्हा सुरू. सुभेदारांनी बापाला अडवायला घातलेलं कुंपण त्या दोघांनी खेळायला घेतलं होतं. चार तास बोलायचं काय, हा त्या बापापुढं मोठा प्रश्न होता. तो तिच्या शाळेत जात नव्हता, तिच्या मैत्रिणींची नावं त्याला ठाऊक नव्हती. शब्दानं त्याची सोय केली. दिवाळीपर्यंत त्याला एकदाही शब्द ओळखता आला नाही, किंवा आला तरी त्यानं तसं दाखवलं नाही.

दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी मी तक्त्यामागं खडू मोडत उभी होते. शीतल म्हणाली, "बाबा, हरलासा?" विलास म्हणाला, "हरलो." मग तिनं त्याच्या कानाला तोंड लावलं. लहान पोरांचं कानातलं बोलणं शेजारच्या खोलीपर्यंत जातं. "ताक," ती म्हणाली.

तेव्हापासून दर खेपेला असंच. आधी खेळ, मग हार, मग कानात. सुभेदारांना सांगावं की सांगू नये? सांगितलं तर भेटीच बंद पडतील. न सांगावं, तर शब्द कळलेला बाप फाटकातून मुलीला घेऊन कधीही निघून जाईल, आणि या खेपेला मी नुसती चपला देणारी नसेन, गप्प बसणारीही मीच असेन. त्यातच विलासनं कोर्टात अर्ज टाकला होता: मे महिन्याच्या सुट्टीत मुलगी आठ दिवस आपल्याकडं राहू द्यावी. सुभेदारांनी वकिलाला बजावलं होतं की आठ दिवस काय, आठ तासही नाही. "आठ दिस त्येनं येकदा घेतल्यात," ते म्हणत. मी बोलले नाही. तीन महिने रविवार आला की मी लुनाच्या किल्लीकडं बघत बसायचे.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी ते साडेबाराला आले. विट्याजवळ एसटी बंद पडली होती. सुभेदारांचा चेहरा उतरलेला, सदरा घामानं भिजलेला. साखरेची गोळी पहाटे घेतलेली आणि सोबतची भाकरी वाटेत शीतलला भूक लागली म्हणून तिला दिलेली. बाहेरचं तर ते खात नसत. मी म्हटलं, "निदान चहा घ्या." मान हलली नाही. वीतभर खुर्चीवर बसले आणि पहारा सुरू झाला. कोपऱ्यात खेळही सुरू झाला. झाड हाय का? व्हय. फळ लागतंय? व्हय. अर्ध्या तासात विलास हरला आणि मला ऐकू आलं, "फनस!" बापलेक दोघंही हसले.

दोनच्या सुमाराला दारात आवाज झाला. खुर्ची आडवी झाली होती आणि सुभेदार जमिनीवर पडले होते. ओठ थरथरत होते. उपाशीपोटी साखर उतरली असणार, म्हणून मी धावत साखरेचं पाणी केलं, पण त्यांनी दात घट्ट आवळले. शुद्ध अर्धी गेली तरी परक्या हाताचं पाणी पोटात जाऊ द्यायचं नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं! मला रडू आलं. तेव्हा शीतलनं माझ्या हातातला पेला ओढला, एक घोट घेतला आणि त्यांच्या तोंडाजवळ जाऊन म्हणाली, "आबा, मी प्यालीया. चांगलं हाय." दात उघडले. दोन घोट आत गेले.

डोळे उघडले पण जीभ जड होती. शेजाऱ्यांनी रिक्षा आणली. त्यांना दवाखान्यात नेणं भाग होतं आणि न्यायला नात्यातला पुरुषमाणूस एकच होता. विलासनं त्यांना धरून बसवलं. मग तो त्यांच्या तोंडाशी कान नेऊन म्हणाला, "मामा, पोरीला बी संगट घेतो. तिला शब्द सांगाया लागंल. सांगा."

मी त्याच्याकडं बघतच राहिले. शब्द त्याला माहीत होता. तो मलाही माहीत होता. तरी तो विचारत होता.

सुभेदारांनी त्याच्याकडं बघितलं. मग त्यांचे ओठ हलले. विलास उठला, शीतलपुढं आला आणि ती कमरेवर हात ठेवायच्या आधीच म्हणाला, "तंबू."

शीतल गोंधळली. "तंबू न्हाई बाबा," ती म्हणाली. "तुमाला मगाशीच..."

"मला ह्योच सांगितलाय," विलास घाईनं म्हणाला. "शब्द चुकला बाळा. तू बाईंकडं थांब." आणि तो रिक्षात सासऱ्याशेजारी बसून निघून गेला.

मी फोनच्या बूथवरून म्हसवडला निरोप धाडला. शीतल त्या रात्री माझ्या घरी झोपली. सकाळी पहिल्या एसटीनं सुनंदा आली आणि आम्ही तिघी दवाखान्यात गेलो. बाहेरच्या बाकावर विलास बसलेला होता, कालच्याच कपड्यांत. सुनंदा त्याच्यासमोरून गेली, दारापाशी थांबली, आणि मागं न बघता म्हणाली, "च्या तरी घेतला का?" तो म्हणाला, "घेतो."

आत सुभेदार उशीला टेकून बसले होते. सुनंदा डॉक्टरांना भेटायला गेल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं.

"पोरगी त्येच्यासंगं गेली न्हाई?"

"नाही. शब्द चुकला म्हणाला."

"चुकला न्हाई." ते छताकडं बघत म्हणाले. "मी चुकीचाच सांगितला व्हता. मरताना बी म्या त्येला पोरगी दिली नसती."

आता मात्र मला राहवलं नाही. मी म्हटलं, "सुभेदार, त्याला खरा शब्द माहीत होता. फणस. शीतलनं त्याआधी तासभर सांगितला होता."

ते नळीतून पडणाऱ्या थेंबांकडं बघत राहिले.

"कवापासनं सांगतीया?"

"दिवाळीपासून. दर खेपेला."

"आन् तुमी बोलला न्हाईसा."

"नाही."

"म्हंजी पहारा तुमच्यावरच कमी पडला," ते म्हणाले, आणि त्यांनी तोंड भिंतीकडं वळवलं. खांदे हलत होते. मी पडदा ओढून बाहेर आले.

पुढच्या भेटीच्या रविवारी ते आले तेव्हा खुर्ची ओढली नाही. पेढ्याचा पुडा त्यांच्यापुढं आला तर हातानं मागं सारला. "मी जरा दाढी करून येतो," म्हणाले आणि समोरच्या केशकर्तनालयात जाऊन, आमच्याकडं पाठ करून बसले. दाढी पहाटेच झालेली होती. मला शंका आली म्हणून मी रस्ता ओलांडून डोकावले. आरशात माझं फाटक स्पष्ट दिसत होतं. सुभेदारांनी आरशातूनच माझ्याकडं बघितलं आणि साबणाच्या फेसात जरासे ओशाळले.

विलासच्या अर्जाला विरोध करू नका, असं त्यांनी साताऱ्याच्या वकिलाला सांगितल्याचं मला सुनंदाकडून कळलं. मेमध्ये शीतल आठ दिवस बापाकडं आली. सुभेदारांनीच आणून सोडली. फाटकात त्यांनी विलासला बाजूला घेतलं आणि त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. मग शीतलच्या कानात तेच सांगितलं. विलासनं तिला लुनावर पुढं उभं केलं. लुना वळणावरून दिसेनाशी झाली तरी ते उभेच होते. "नंबर पाठ हाय," ते मला म्हणाले, आणि एसटी पकडायला गेले.

आठव्या दिवशी तीन वाजता यायचं होतं, सुभेदार साडेदहालाच आले. मी दारात खुर्ची ठेवली, पाण्याचा तांब्या ठेवला. तांब्यातलं पाणी ते प्यायले. पहिल्यांदाच.

तीनला दहा मिनिटं असताना लुना आली. शीतल काळीसावळी झालेली, नवा फ्रॉक, हातात पिशवी. ती उडी मारून उतरली, धावत आली, आणि फाटकाच्या आत एकदम थांबली. कमरेवर हात.

"शब्द?"

सुभेदारांनी तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. तीस वर्षांच्या फौजेतला एकही पहारा न विसरलेला माणूस फाटकाला धरून उभा होता, आणि शब्द काही येत नव्हता. शीतल वाट बघत होती. तिच्या चेहऱ्यावरचं हसू कमी कमी होऊ लागलं. "आबा, शब्द?"

विलासनं लुना स्टँडला लावली, चालत आला आणि वाकून त्यांच्या कानात काहीतरी म्हणाला.

सुभेदारांनी तो शब्द मोठ्यानं म्हटला. सगळ्या चाळीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. त्या शब्दाची आता कुणापासूनच चोरी उरली नव्हती. शीतल म्हणाली, "पास!"

जाताना त्यांनी विलासच्या खांद्यावर हात ठेवला, क्षणभरच, आणि एसटीच्या थांब्याकडं निघाले. एसटी आली. ते ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसले, नात खिडकीत. त्यांनी एकदा वळून फाटकाकडं बघितलं. त्यानंतर माझी बदली झाली, भेटी विलासच्या खोलीवर होऊ लागल्या, आणि सुभेदार मला पुन्हा दिसले नाहीत.

ते खरंच शब्द विसरले होते, की जावई तो आपल्याला परत देतो का हे बघत होते, हा संशय मात्र माझ्या मनातून अजून गेलेला नाही.